तुरीच्या मुळावरचे मोती आणि सोयाबीनची भीती: एका सिस्ट सूत्रकृमीची ओळख

प्रकरण दारव्हा तालुक्यातल्या एका वावराचं आहे. काळी जमीन, वरचा भाग भारी, खालचा भाग नाल्याकडे उतरता आणि चुनखडीचा. सोयाबीनच्या चार तासांमागे तुरीची दोन तासं, यवतमाळ-वाशिम पट्ट्यात सर्रास दिसते तशी पेरणी. ऑगस्टच्या सुरुवातीला खालच्या अंगाचं सोयाबीन पिवळं पडलं. शेतकऱ्याने दोन-चार झाडं उपटून पाहिली, मुळांत काही दिसलं नाही. हात लागलाच होता म्हणून शेजारची तूर उपटली, तर बारीक मुळांना खसखशीहूनही लहान, पांढरे, चकचकीत दाणे चिकटलेले.

त्याचा फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला. तासाभरात कुणीतरी त्याच्या शेजारी अमेरिकेतल्या सोयाबीनच्या मुळांचा फोटो आणून लावला. दोन्हींत पांढरे दाणे, दोन्हींत सोयाबीनचा विषय. एवढ्यावर ‘सोयाबीनचा परदेशी सूत्रकृमी आला’ असं ठरलं (सूत्रकृमी म्हणजे मुळांवर जगणारा धाग्यासारखा बारीक जंत), आणि एका दुकानदाराने दाणेदार औषधाचा एकरी हिशोबही मांडून दिला. शेतकऱ्याचा फोन आला तेव्हा त्याने विचारलं, “सायेब, मोती तुरीच्या मुयाले हायेत अन् पिवयं सोयाबीन पडून रायलं. हे दोन्ही एकच होय का?” ग्रुपवरच्या एकाही शहाण्याला हा प्रश्न पडला नव्हता.

नावावर काय काय अवलंबून होतं ते आधी सांगतो. सोयाबीनवरचा सिस्ट सूत्रकृमी म्हणजे हेटेरोडेरा ग्लायसिन्स. त्याच्या रोगाचं वर्णन जपानमध्ये 1915 साली झालं, जातीला नाव 1952 मध्ये इचिनोहे यांनी दिलं, आणि 1954 मध्ये तो अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात सापडला. आज तिथे सोयाबीनचं सर्वांत जास्त नुकसान करणारा रोगकारक हाच. बियाण्याबरोबर आलेल्या मातीच्या बारीक खड्यांतून तो प्रवास करतो, म्हणून आयातीच्या वेळी संगरोधाची, म्हणजे बाहेरचे कीड-रोग देशात येऊ न देणाऱ्या तपासणीची, नजर त्याच्यावर असते. असला जीव विदर्भात निघाला तर प्रश्न एका वावरापुरता उरत नाही. बियाण्याची वाहतूक, थ्रेशर, ट्रॅक्टरच्या चाकाला लागलेली माती, सगळंच तपासावं लागतं. उलट हे दाणे तुरीवरच्या हेटेरोडेरा कजानीचे असतील तर तो इथलाच जुना बिऱ्हाडकरू. भारतात तो बऱ्याच ठिकाणी आहे, तुरीच्या या दुखण्याला ‘मोती मूळ’ म्हणतात, आणि त्यावर पीक बदलणं हा पुष्कळसा उपाय आहे. दिसायला दोघे सख्खे. दोन्हींच्या माद्या लिंबाच्या आकाराच्या, दोन्ही मुळाबाहेर फुगून येतात, मेल्यावर दोन्हींची कातडी तपकिरी होऊन अंड्यांची पुरचुंडी बनते. तीच सिस्ट.

घोटाळ्याची परंपराही जुनीच. तुरीवरचा हा सूत्रकृमी भारतातून 1964 मध्ये नोंदवला गेला तेव्हा त्याला क्लोव्हरवरचा हेटेरोडेरा ट्रायफोली समजलं होतं. तीन वर्षांनी, 1967 मध्ये, कोशी यांनी तो वेगळा आहे हे दाखवून कजानी हे नाव दिलं. लगेच पुढच्या वर्षी चवळीवरून हेटेरोडेरा विग्नी नावाची नवी जात वर्णिली गेली, आणि नंतर तीही कजानीच निघाली. म्हणजे एकाच जिवाला पाच वर्षांत तीन नावं, तीही सूक्ष्मदर्शकाखाली आयुष्य घालवलेल्या माणसांकडून. त्यांना कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही. या गटातले फरक किती निसरडे आहेत, ते कळावं म्हणून सांगतो.

नमुना घेताना आम्ही एका गोष्टीवर हट्ट धरला: माती वेगळी, मुळं वेगळी, आणि मुळं झाडावरून सोडवायची नाहीत. शेतकऱ्याने पाठवलेल्या पहिल्या पिशवीत सोयाबीन आणि तुरीची मुळं एकत्र कोंबलेली होती. तासं जवळ असली की मुळं एकमेकांत घुसतात, आणि तुटलेल्या मुळावरून झाड ओळखणं अवघड. म्हणून वावरात जाऊन कुदळीने मातीच्या ढेकळासकट झाडं काढली, बादलीत भिजत घातली आणि माती आपोआप सुटू दिली. काळ्या मातीत घाई केली की माद्या मुळावरून गळून जातात आणि मग रिकाम्या मुळाकडे बघत बसावं लागतं. अशी हळू धुतली तेव्हा तुरीच्या जवळजवळ प्रत्येक झाडावर मोती दिसले. सोयाबीनच्या मुळांवर नत्राच्या गाठी भरपूर, आतून गुलाबी, निरोगी. मादी एकही नाही. पिवळ्या झाडावर नाही, हिरव्यावरही नाही.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण ‘दिसली नाही’ म्हणजे ‘नाही’ असं संगरोधाच्या बाबतीत म्हणता येत नाही, आणि सोयाबीनच्या तासांतल्या मातीत सिस्ट निघत होत्या. त्या कुणाच्या?

मातीतून सिस्ट काढायची रीत सोपी आहे, किचकट आहे ती निवड. माती सावलीत वाळवायची, पाण्यात ढवळायची, वर तरंगेल ते चाळणीवर घ्यायचं. वाळलेल्या सिस्टमध्ये हवा असते म्हणून ती तरंगते. पण तिच्याबरोबर पऱ्हाटीच्या काड्यांचा भुगा, गवताचं बी, किड्यांची अंडी, कुजक्या मुळांचे तुकडेही तरंगतात. हा गाळ पांढऱ्या गाळणकागदावर पसरून भिंगाखाली बारीक ब्रशने एकेक दाणा उचलावा लागतो. तणाचं गोल बी आणि सिस्ट यांत नवशिका हटकून फसतो. सुईच्या टोकाने दाबलं की बी सटकतं. सिस्ट मात्र दबते, फुटते आणि आतून लांबट अंडी सांडतात. काहींतून अंड्यांऐवजी बुरशीचे धागे निघाले. मातीत सूत्रकृमीची अंडी खाणाऱ्या बुरशा असतातच, आणि जुन्या सिस्ट त्यांनी अर्ध्याअधिक फस्त केलेल्या असतात. या बुरशीने पुढे एक घोळ घातला, तो येईलच.

आता आकार. हेटेरोडेरातल्या जाती ओळखताना सगळ्यांत जास्त विश्वास सिस्टच्या मागच्या टोकावर, जिथे मादीची योनी असते त्या शंकूवर ठेवतात. तो शंकू पात्याच्या तुकड्याने कापायचा, आतली घाण हायड्रोजन पेरॉक्साइडने साफ करायची, अल्कोहोलमधून पाणी काढायचं, लवंगाच्या तेलात पारदर्शक करायचा आणि काचपट्टीवर बसवायचा. कापताना शंकू उडून गेला की परत सापडत नाही. प्रयोगशाळेत तेवढ्यापुरता पंखा बंद ठेवतात. नीट बसला की वरून बघताना पातळ कातडीची जागा दिसते, तिला खिडकी म्हणतात. बटाट्यावरच्या ग्लोबोडेरात शंकू नसतो आणि खिडकी एकच, गोल. गव्हा-ओटवरच्या हेटेरोडेरा अ‍ॅव्हेनीत दोन वेगळ्या गोल खिडक्या. आणि ज्या गटात कजानी आणि ग्लायसिन्स दोघेही येतात, तिथे दोन अर्ध्या खिडक्या आणि मधून जाणारा अरुंद पूल. खिडकीच्या आत, खोलवर, आणखी एक आडवा पूल आणि त्याच्या आसपास गडद उंचवटे.

तुरीच्या मुळांवरून काढलेल्या सिस्टमध्ये हे सगळं अपेक्षेप्रमाणे होतं. अर्ध्या खिडक्या दोन, आतला पूल स्पष्ट, उंचवटे ठसठशीत. इथवर अ‍ॅव्हेनी बाद, ग्लोबोडेरा बाद. पण कजानी की ग्लायसिन्स, हे यावरून हमखास ठरत नाही. योनीच्या फटीची लांबी, खिडकीची रुंदी, पिल्लांची लांबी, शेपटीच्या काचेसारख्या टोकाची लांबी, तोंडातल्या सुईच्या बुडाचे गोळे, ही सगळी मापं घेता येतात आणि आम्ही घेतली. अडचण अशी की दोन्ही जातींची मापं एकमेकांत मिसळतात. सरासरी वेगळी असते, पण एखादं पिल्लू हातात आलं की ते दोन्हीकडे बसतं. शिवाय पिल्लाला गरम पाण्यात अलगद मारलं तर ते सरळ ताणून पडतं. घाईत मारलं तर वाकतं आणि मापात खोट येते. सूक्ष्मदर्शकावरच्या माणसाचा हात हासुद्धा या पुराव्याचा भाग आहे, आणि निष्कर्षात तो कुणी लिहीत नाही.

मातीतल्या सिस्ट मात्र एका प्रकारच्या नव्हत्या. बहुतेक तुरीवरच्यांसारख्याच. पण धुऱ्याजवळच्या मातीतल्या काहींत उंचवट्यांच्या जागी चार बोटांसारखे फुगवटे दिसले. हे लक्षण मक्यावरच्या हेटेरोडेरा झीचं. ही जातही भारतातूनच 1971 मध्ये वर्णिलेली. शेतकऱ्याला विचारलं तर म्हणाला, धुऱ्याच्या कडेला ढोरांसाठी मका असतोच. या भागात पूर्वी ज्वारी सगळीकडे होती, आणि ज्वारीवर हेटेरोडेरा सोर्घी नावाची आणखी एक जात आहे, 1982 ची. आपली सोयाबीनची शेती नव्वदच्या दशकानंतर फोफावली, तिच्याखाली आधीच्या पिकांच्या सिस्ट वर्षानुवर्षं पडून असतात. मातीची पिशवी आजच्या पिकाबद्दल सांगते असं समजणं चूक आहे. ती त्या वावरातल्या कित्येक हंगामांचा हिशोब असते.

म्हणून जनुकांकडे वळलो. सूत्रकृमींच्या वर्गीकरणात डीएनएने काय उलथापालथ केली ते थोडक्यात: 1998 मध्ये रायबोसोमच्या 18एस जनुकावरून सूत्रकृमींचं मोठं वंशवृक्ष मांडलं गेलं आणि वनस्पतींवर जगण्याची रीत या प्राण्यांत निदान तीन वेळा स्वतंत्रपणे आली, हे पुढे आलं. तोंडातली सुई सगळ्यांना असते म्हणून ते सगळे एका आईचे, हा समज तिथे संपला. सारखं काम करणाऱ्यांचे अवयव सारखे दिसू लागतात. पण 18एस हा भाग फार हळू बदलतो. सख्ख्या जाती वेगळ्या करायला तो निरुपयोगी. त्यासाठी दोन रायबोसोम जनुकांमधली मोकळी जागा, आयटीएस, वाचतात. सिस्ट सूत्रकृमींत हा भाग नव्वदच्या दशकापासून वापरात आहे; नेहमीच्या प्रायमरांनी, म्हणजे हवा तो भाग पकडून देणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी, सुमारे 1000 अक्षरांचा तुकडा मिळतो.

बाहेरच्या प्रयोगशाळेकडून पहिला निकाल आला तो वाचण्यासारखा नव्हता. डीएनएच्या अक्षरांच्या क्रमाच्या आलेखात एकावर एक दोन शिखरं, जणू दोन माणसं एकदम बोलताहेत. त्यांनी अख्खी सिस्ट चिरडून डीएनए काढला होता. आतली बुरशी आठवते ना? हे प्रायमर सूत्रकृमीपुरते मर्यादित नाहीत, बुरशीचा तुकडाही ते उचलतात. शिवाय एकाच सूत्रकृमीत आयटीएसच्या थोड्या वेगळ्या प्रती असू शकतात. दुसऱ्या खेपेला अंड्यांतून ताजी निघालेली पिल्लं एकेक करून, प्रत्येकी वेगळ्या नळीत, पाण्याच्या थेंबात चिरडून घेतली. प्रत्येक पिल्लू त्याआधी काचेवर मोजून, फोटो काढून ठेवलं. आता या फोटोतल्या जिवाचाच हा क्रम आहे, असं ठामपणे सांगता येत होतं. माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यांत मोलाचं काम हेच. निकालासाठी नव्हे, नोंदीसाठी.

कारण डीएनएचा क्रम स्वतःचं नाव सांगत नाही. तो जेनबँकेत, म्हणजे जगभरातल्या डीएनए क्रमांच्या सार्वजनिक साठ्यात, टाकला की सगळ्यांत जवळचे क्रम समोर येतात आणि त्यांच्यापुढे कुणीतरी लिहिलेली नावं असतात. ते ‘कुणीतरी’ कोण, त्याने शंकू कापून पाहिला होता का, नमुना कुठे ठेवला आहे, हे बहुतेक नोंदींत नसतं. चुकीच्या नावाने चढवलेला क्रम पुढच्या दहा जणांना चुकीचं नाव देतो, आणि त्या दहांचे क्रम मिळून चूक पक्की होते. आजकाल मुलं यादीतलं पहिलं नाव उचलतात आणि टक्केवारी लिहून मोकळी होतात. आम्ही यादीतल्या पहिल्या नावाकडे दुर्लक्ष केलं आणि ज्या नोंदींमागे आकाराचं वर्णन छापलेलं आहे तेवढ्याच घेऊन वंशवृक्ष काढला.

त्यात चित्र स्वच्छ होतं. ग्लायसिन्स आणि बीटवरचा शाख्टी यांच्या आयटीएसमध्ये फरक इतका थोडा असतो की तिथे वादाला जागा राहते. पण कजानी त्या दोघांपासून चांगल्या अंतरावर वेगळ्या फांदीवर बसते. तुरीच्या मुळांवरची आणि सोयाबीनच्या तासांतली सगळी पिल्लं त्याच फांदीवर गेली. धुऱ्याजवळच्या, बोटांसारखे फुगवटे असलेल्या सिस्टमधलं पिल्लू झीच्या फांदीवर. आयटीएस केंद्रकातला, दोन्ही आईबापांकडून येणारा. म्हणून आईकडून येणारं सीओआय हे मायटोकाँड्रियाचं जनुकही वाचलं. त्यानेही तेच सांगितलं. ग्लायसिन्ससाठी खास बनवलेल्या प्रायमरांनी चाचणी केली, पट्टी उमटली नाही, म्हणजे ग्लायसिन्सचा डीएनए सापडला नाही. नकारात्मक निकालावर विश्वास ठेवायला त्याच नळीत दुसरी, सर्व सूत्रकृमींना चालणारी जोडी घालतात, तिची पट्टी आली म्हणजे डीएनए शाबूत होता असं समजतं. ती आली होती.

तिसरा पुरावा कुंड्यांतला. निर्जंतुक मातीत सोयाबीन, तूर, चवळी आणि तीळ लावले, तुरीवरची अंडी सोडली. महिनाभराने मुळं धुतली. तुरीला मोती, चवळीला मोती, तिळालाही थोडे. सोयाबीनच्या मुळावर काही नाही. तीळ पाहून शेतकऱ्याने कपाळावर हात मारला. तुरीत तीळ टाकायची रीत त्याच्या आजापासूनची, आणि कडेला चवळीची ओळ घरच्या भाजीसाठी.

आता राहिलं पिवळं सोयाबीन. त्याचं उत्तर मुळात नव्हतंच, पानात होतं. पिवळेपणा नव्या, शेंड्याकडच्या पानांवर, शिरा हिरव्या आणि मधला भाग फिका. जुनी पानं ठीक. खालचा भाग चुनखडीचा, आणि त्या आठवड्यात वावरात पाणी साचलेलं. हे लोहाच्या कमतरतेचं सरळ चित्र आहे. पिवळ्या मोझॅक या विषाणूच्या रोगात ठिपके असतात, पांढरी माशी असते, ते काही नव्हतं. हिराकसाची फवारणी केली, नाल्याकडे चर काढून पाणी वाट करून दिलं, आणि त्यानंतर फुटलेली पानं हिरवी आली. दाणेदार औषध घेतलं असतं तर सोयाबीन तेवढंच पिवळं राहिलं असतं आणि दुकानदार म्हणाला असता, उशिरा टाकलं.

तुरीचा प्रश्न मात्र खरा होता आणि तो पिवळ्या सोयाबीनच्या आड लपला होता. झाडं मेलेली नव्हती, खुजी होती. अशी तूर ‘जमीन हलकी आहे’ म्हणून सोडून दिली जाते. कजानीच्या मादीची अंडी सिस्टमध्ये असतात आणि बाहेर चिकट पिशवीतही असतात. पिशवीतली लवकर फुटून त्याच हंगामात पुढची पिढी काढतात, सिस्टमधली मातीत टिकून राहतात. उबेत दोन-तीन आठवड्यांत एक पिढी पुरी होते, तुरीचं पीक वावरात सहा महिने उभं असतं. हिशोब ज्याचा त्याने करावा. ग्लायसिन्स निघाला असता तर सोयाबीन बदलावं लागलं असतं. कजानी निघाल्यामुळे सोयाबीन राहिलं आणि तूर, चवळी, मूग, उडीद, तीळ हे सगळे एकाच यादीत आले, कारण या सूत्रकृमीचे ते सगळे यजमान. तुरीचं वावर बदललं आणि मधे मूग घेतला तर काहीच बदललं नाही.

पुढच्या हंगामासाठी ठरलं ते असं. वरच्या भागात तुरीऐवजी सोयाबीनच्या जोडीला ज्वारी, खाली नुसती कपाशी. तूर घरापुरती, ती नाल्यापलीकडच्या तुकड्यात, जिथल्या मातीत सिस्ट सापडल्या नाहीत. उन्हाळ्यात खोल नांगरून मे महिन्याचं ऊन मातीला दाखवायचं. चवळीवर शेतकऱ्याच्या घरात मतभेद झाले. “भाजीपुरती एक ओय तं राहू द्या,” असं त्याच्या आईचं म्हणणं. ती ओळ परसात हलली, वावरात नाही. मक्यावरची झी धुऱ्याजवळच आहे, तिच्यासाठी तिथला मका दोन वर्षं बंद आणि जागेवर बरसीम. काचपट्ट्या, पिल्लांचे फोटो आणि क्रम एकाच क्रमांकाने ठेवले आहेत. क्रम जेनबँकेत चढवताना नोंदीत गावाऐवजी तालुका लिहिला, शेतकऱ्याच्या सांगण्यावरून. ग्रुपवर परत त्याच्याच वावराचा फोटो फिरायला नको, हे त्याचं कारण.